दार उघडण्याआधी आकडा दिसला पाहिजे : नायट्रोजनच्या खोल्यांविषयी वाचकांचे प्रश्न

नायट्रोजन आता फक्त मोठ्या रासायनिक कारखान्यांपुरता राहिलेला नाही. वेफर्सच्या पाकिटात, कृत्रिम रेतनाच्या जारमध्ये, लेझर कटिंगच्या शेडमध्ये तो रोज वापरला जातो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचं केळी वेफर्सचं युनिट आहे. पॅकिंगची खोली एसीची, बंद, २० बाय १५ फूट, उंची १० फूट. पाकिटात नायट्रोजन भरतो. ऑक्सिजन मीटर लावायचा तर कुठे, आणि खरंच गरज आहे का? (सावदा)

उत्तर : गरज आहे की नाही, ते हिशेबच सांगतो. तुमची खोली ८५ घनमीटरची. समजा मिनिटाला ४० पाकिटं निघतात, एका पाकिटात दीड लिटर जागा आहे आणि आतली हवा हुसकायला दुप्पट गॅस सोडावा लागतो. म्हणजे मिनिटाला १२० लिटर, तासाला ७.२ घनमीटर. बाहेरची हवा अजिबात येत नसेल आणि हा सगळा गॅस खोलीतच राहिला, तर हवेतला नेहमीचा २०.९ टक्के ऑक्सिजन १९.५ या पहिल्या इशाऱ्याच्या आकड्यावर यायला सुमारे ४९ मिनिटं लागतील. निम्मा गॅस पाकिटात बंद होऊन बाहेर जातो असं धरलं तरी दीड तासाच्या पुढेमागे तीच वेळ येते. यंत्रामागची नळी निसटली आणि तासाला ३० घनमीटर गॅस सुटू लागला, तर फक्त बारा मिनिटं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, असं लोकांना वाटतं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. वरच्या हिशेबात ऑक्सिजन २०.५ च्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर तासाला साधारण ३७० घनमीटर ताजी हवा लागते. एक्झॉस्ट पंख्याच्या पाटीवर त्याची क्षमता लिहिलेली असते, ती पाहून घ्या. समोरच्या भिंतीला खालून जाळीची वाट ठेवा, नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा ओढत नाही.

आता मीटर. जनरेटरमधून, म्हणजे हवेतून नायट्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्रातून, येणारा नायट्रोजन खोलीच्याच तापमानाचा असतो, तो वर किंवा खाली साचून राहत नाही, हवेत मिसळतो. म्हणून सेन्सर माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा. बसून काम असेल तर जमिनीपासून १.२ मीटर, उभ्याने असेल तर १.५. एक यंत्राजवळ आणि एक खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात. एसीच्या झोतात किंवा दाराच्या फटीजवळ लावला तर तो चांगल्याच हवेचा आकडा दाखवत राहील. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : आकडा दाखवणारा डिस्प्ले आणि दिवा दाराच्या बाहेर हवा. सकाळी पहिलं दार उघडणाऱ्याला आतली अवस्था आत पाऊल टाकण्याआधी कळली पाहिजे.

पहिला इशारा १९.५ टक्क्यांना, दुसरा १८ ला ठेवा. सोळाच्या खाली विचारशक्ती मंदावते, पण आपण ठीक आहोत असंच माणसाला वाटत राहतं. दहाच्या खाली शुद्ध जाते, सहाच्या खाली काही मिनिटांत जीव जातो. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास माणूस कोसळायला पुरतात. गुदमरल्याची जाणीव शरीराला ऑक्सिजन घटल्यामुळे होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. नायट्रोजनमध्ये श्वास नेहमीसारखा सुटत राहतो, कार्बन डायऑक्साइड साचत नाही, म्हणून धोक्याची सूचनाच मिळत नाही.

जनरेटर वेगळ्या खोलीत असेल तर त्याची टाकाऊ हवा पाइपाने बाहेर काढा. तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो. २३.५ टक्क्यांच्या वर गेला की तेलकट चिंधीसुद्धा भडकून पेटते, म्हणून त्या खोलीतल्या मीटरला वरचा इशाराही लावून घ्या.

प्रश्न : लेझर कटिंगला नायट्रोजन लागतो. विक्रेता म्हणतो, मोबाइल अ‍ॅप आहे, घरबसल्या दिसेल, हूटर वगैरे नको. बरोबर आहे का? आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्ही जातं. (जळगाव एमआयडीसी)

उत्तर : नाही. आतल्या माणसाचा जीव हूटर वाचवतो, मोबाइल नाही. मोबाइल मालकाला, सुपरवायझरला आणि रात्रपाळीच्या वॉचमनला कळवण्यासाठी. नेट गेलं, सर्व्हर बंद पडला, फोन सायलेंटवर राहिला, तरी जागेवरचा हूटर, लाल दिवा, एक्झॉस्ट पंखा आणि गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह चाललाच पाहिजे. म्हणून ही चारही कामं सेन्सरच्या कंट्रोलरमधल्या रिलेवरून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचवरून) थेट वायरने करा. व्हॉल्व्ह असा घ्या की वीज गेली की तो आपोआप बंद होईल. रिलेसुद्धा एरवी वीज घेऊन ओढलेला आणि धोक्याला सुटणारा ठेवा, म्हणजे वायर तुटली तरी इशाराच वाजेल.

सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत ४ ते २० मिलीअँपिअरची लूप, म्हणजे मोजलेला आकडा विजेच्या प्रवाहातून कळवणारी जोडणी, सर्वांत खात्रीची. मीटरची पट्टी ० ते २५ टक्के असेल तर २०.९ ला १७.३८ मिलीअँपिअर येतात, १९.५ ला १६.४८ आणि १८ ला १५.५२. मल्टिमीटर लावून हे आकडे एकदा जुळवून घ्या. आमच्या मते बसवणाऱ्याला बिल देण्याआधीची ही अट असावी. प्रवाह ३.६ मिलीअँपिअरच्या खाली आला तर तो ऑक्सिजनचा आकडा नव्हे, वायर तुटल्याची खूण आहे. कंट्रोलरमध्ये त्याला वेगळा ‘फॉल्ट’ ठरवा. सेन्सर जास्त असतील तर एकाच तारेवर, आर-एस-४८५ या जोडणीने आणि मॉडबस या यंत्रांच्या भाषेने, जोडता येतात. त्यासाठी पीळ दिलेली शिल्डेड जोडी घ्या, एकातून दुसऱ्यात अशी ओळीने न्या आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. मधून फांद्या काढल्या की आकडे अधूनमधून गायब होतात आणि दोष सेन्सरवर येतो. वेल्डिंग केबलच्या शेजारून ही वायर नेऊ नका.

लांबून पाहण्यात सगळ्यात घातक चूक म्हणजे गोठलेला आकडा. नेट तुटलं तरी अ‍ॅप शेवटचा २०.९ दाखवत राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हे दिसलं पाहिजे, आणि पाच मिनिटं नवा आकडा आला नाही तर ‘संपर्क तुटला’ असा इशारा सर्व्हरने स्वतः दिला पाहिजे. गप्प राहणं हाही इशारा धरायचा. सिमचं रिचार्ज संपणं हे नेहमीचं कारण आहे. दोन कंपन्यांची दोन सिम घेणारं गेटवे (आकडे नेटवर पाठवणारं यंत्र) घ्या आणि रिचार्जची तारीख पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.

लाइटसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट करा. दोन सेन्सर, कंट्रोलर आणि गेटवे मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तर कागदावर १४ तास होतात. प्रत्यक्षात आठ-दहा धरा. एक बारकी गोष्ट : गेटवेतलं सिमवर चालणारं जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. पुरवठा कमजोर असेल तर नेमकं इशारा पाठवतानाच ते रीसेट होतं. एरवी सगळं सुरळीत दिसतं, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. त्याची चाचणी बॅटरीवरच घ्या.

प्रश्न : जनावरांच्या रेतमात्रांसाठी द्रव नायट्रोजनचे ३५ लिटरचे जार १० बाय १० च्या खोलीत ठेवतो. धूर खाली पसरतो तेवढाच धोका का? (चाळीसगाव)

उत्तर : तो धूर नायट्रोजन नाही. थंडीने हवेतल्या बाष्पाचं धुकं होतं, ते दिसतं. धुकं संपतं तिथे धोका संपत नाही, आणि उन्हाळ्यात कोरड्या हवेत धुकं कमीच दिसतं.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो आणि एका लिटरचा सुमारे ६९० लिटर गॅस होतो. दहा फूट उंची धरली तर तुमची खोली २८ घनमीटरची. ओतताना पाच लिटर सांडलं तर साडेतीन घनमीटर गॅस होईल, आणि सगळीकडे सारखा पसरला तरी ऑक्सिजन १८.३ च्या आसपास येईल. थंड गॅस जड असल्यामुळे जमिनीलगत त्याहून खाली. पूर्ण जार एकदम रिता झाला तर नऊ टक्क्यांच्या जवळ. चांगल्या जारची रोजची वाफ मात्र एक-दोन डेसिलिटर द्रवाचीच असते, तिचं भय नाही. भय आहे ते भरतानाचं आणि जारच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेल्याचं. जारच्या बाहेरून, गळ्याजवळ बर्फ किंवा दव धरलं तर पोकळी गेली असं समजा आणि जार दाराबाहेर मोकळ्यावर न्या.

इथे सेन्सर जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर लावा. खालच्या बाजूला जाळीची खिडकी हवी. भरण्याचं काम अंगणात करा. बूच कधीही घट्ट बसवू नका, जार फुटू शकतो. आणि काचा वर करून गाडीच्या केबिनमध्ये जार नेऊ नका. अंगाला लावायच्या छोट्या मीटरचा आकडा लांबच्या मोबाइलवर दिसणार नाही, पण गाडीत आणि गोठ्यात तोच उपयोगी.

प्रश्न : सोड्याच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या आहेत. ऑक्सिजन मीटर चालेल? (धुळे)

उत्तर : एकटा चालणार नाही. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन १९.९ च राहतो, मीटर गप्प बसतो. पण ४ टक्क्यांनाच हा वायू जिवाला तातडीचा धोका मानला जातो, कारण तो स्वतः विषारी आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारा वेगळा अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सर घ्या, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, ०.५ आणि १.५ टक्क्यांना इशारे लावून. बाटल्यांजवळच्या चाऱ्या आणि खड्डे विसरू नका. हवेच्या दीडपट जड असलेला हा वायू तिथेच साचतो.

प्रश्न : स्टीलच्या टाक्या बनवतो. आतून वेल्डिंग करताना मागच्या बाजूने आर्गॉन सोडतो. आत कोणी पडला तर काय करायचं? (शिरपूर)

उत्तर : आत उतरायचं नाही. हे लिहायला सोपं आणि पाळायला फार कठीण, कारण पडलेला माणूस आपला भाऊ नाहीतर भाचा असतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल इथे २८ जानेवारी २०२१ रोजी कोंबडीचं मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रव नायट्रोजन सुटला आणि सहा जण गेले. गोठवणी यंत्रातली द्रवाची पातळी मोजणारी नळी वाकलेली होती, आणि खोलीत हवेतला ऑक्सिजन मोजणारं एकही यंत्र नव्हतं. काय झालं ते पाहायला आणि सोडवायला माणसं आत जात राहिली.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत इथे पुरत नाही. ज्योत १६ टक्क्यांच्या आसपास विझते, म्हणजे ती जळत असतानाच माणसाची बुद्धी मंदावायला लागलेली असते. आर्गॉनही नायट्रोजनसारखाच ऑक्सिजनला हुसकतो, शिवाय हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, तळाला पाण्यासारखा बसतो. नळी लावलेला पंपाचा मीटर घ्या आणि वर, मध्ये, तळाशी अशा तीन ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी नळीच्या दर मीटरला काही सेकंद जादा थांबा. आर्गॉनची नळी जेवणाच्या सुटीत टाकीत राहू देऊ नका, बाटलीपाशीच बंद करा. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा भरा. आत जाणाऱ्याला पट्टा आणि दोर बांधा, दोर वरच्या तिपाईवरून घ्या म्हणजे बाहेरचा माणूस आत न उतरता ओढू शकेल. बंदिस्त जागेत उतरण्याआधी सक्षम व्यक्तीचं लेखी प्रमाणपत्र ही रीत १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने घालून दिली. कापडी किंवा एन-९५ मास्क इथे काहीच करत नाही. पाठीवर हवेची बाटली असलेला संचच लागतो. तो नसेल तर गॅस बंद करा, ब्लोअर लावा, दोर ओढा, १०८ आणि अग्निशमनाचा १०१ लावा.

प्रश्न : मीटर मे महिन्यात २०.७ दाखवायचा, आता पावसात २० दाखवतो. खराब झाला का? (नंदुरबार)

उत्तर : बहुधा नाही. पावसाळ्यात हवेत बाष्प जास्त, तेवढी ऑक्सिजनला जागा कमी. ३५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला खरा आकडाच २०.० असतो. मेमध्ये ४५ अंशाला पण १० टक्के आर्द्रतेला २०.७. त्यामुळे इशारा २०.५ वर ठेवलात तर श्रावणात रोज वाजेल आणि लोक त्याची वायर काढतील. १९.५ च ठेवा.

दुसरं कारण उंचीचं. काही सेन्सर टक्के नाही, ऑक्सिजनचा दाब मोजतात. मुंबईत जुळवलेला असा सेन्सर जळगावात २०.४ च्या आसपास दाखवतो आणि तोरणमाळला नेला तर अठराच्या जवळ. म्हणून जुळवणी जागेवरच करा. मात्र खोलीत नव्हे, बाहेरच्या मोकळ्या हवेत. खोलीत बारीक गळती असताना कोणी ‘२०.९’ चं बटण दाबलं, तर कमी झालेला ऑक्सिजनच मीटर कायमचा चांगला धरून बसतो. ही चूक फार होते. शून्य पाहण्यासाठी सेन्सरवर टोपी बसवून तिच्यात तुमच्याच बाटलीतला नायट्रोजन सोडा, तोही मोकळ्यावर.

तिसरं वयाचं. शिसं असलेला रासायनिक सेल दोन-तीन वर्षांत संपतो, डब्यात ठेवला तरी संपतो. विकत घेताना तो कधी बनला ती तारीख पाहा. पत्र्याच्या शेडखाली ५० अंशांच्या वर जाणारी जागा आणि आपल्या उन्हाळ्याची कोरडी हवा त्यातला द्रव आणखी लवकर सुकवते. पत्र्यापासून लांब, सावलीच्या भिंतीला लावा. झिरकोनिया या सिरॅमिकचा सेन्सर जास्त वर्षं टिकतो, पण महाग असतो आणि त्याचा आतला भाग तापलेला असल्याने ज्वलनशील वायू असेल तिथे निवडताना विचारून घ्या.

दर सोमवारी एक साधी चाचणी करा. मीटर मोकळ्या हवेत असताना दहा सेकंद श्वास रोखा आणि हाताची ओंजळ करून सेन्सरवर हळू सोडा. उच्छ्वासात ऑक्सिजन साधारण १६ टक्के असतो. आकडा १९.५ च्या खाली उतरून हूटर वाजला पाहिजे, आणि लांबच्या मोबाइलवर संदेश किती सेकंदांत आला ते वहीत लिहा. आकडा उतरायला गेल्या महिन्यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर सेल बदलायची वेळ झाली.