संघराज्य, राज्यसंघ आणि केंद्र

प्रश्न असा आहे: संविधानाचा पहिलाच अनुच्छेद भारताला 'राज्यांचा संघ' म्हणतो. मग आपण 'राज्यसंघ' न म्हणता 'संघराज्य' का म्हणतो? की दोन्ही एकच? आणि संविधानात 'संघ' असताना बातम्यांत आणि बोलण्यात सर्रास 'केंद्र सरकार' येतं, ते चूक धरायचं का?

पहिल्याचं उत्तर: दोन्ही एक नाहीत, आणि एकाच्या जागी दुसरा वापरला तर अर्थाचा अनर्थ होतो. दुसऱ्याचं: चूक नाही, पण 'केंद्र'च्या मागोमाग जी क्रियापदं येतात ती बऱ्याचदा चुकीची असतात. माझी तक्रार शब्दाबद्दल कमी आणि त्या क्रियापदांबद्दल जास्त आहे.

आधी समास सोडवू. 'राज्यसंघ' म्हणजे राज्यांचा संघ. षष्ठी तत्पुरुष, मुख्य पद 'संघ'. राज्यं आधीपासून आहेत, आपापल्या जागी पूर्ण आहेत, आणि काही कामांपुरती त्यांनी मोट बांधली आहे. पदं फिरवली की 'संघराज्य' होतं आणि मुख्य पद 'राज्य' बनतं. संघरूप असं एक राज्य. गंमत अशी की दोन्ही समासांतला 'राज्य' हा शब्दही एक नाही. 'राज्यसंघा'तली राज्यं अनेक आणि आपापल्या घरची मालक, तर 'संघराज्या'तलं राज्य एकच, जगापुढे एक देश म्हणून उभं राहणारं. त्याच्या पोटातल्या राज्यांना वेगळं दाखवण्यासाठी मराठीने 'घटकराज्य' असा शब्द घडवला. तो मला फार आवडतो. त्यात 'तू मोठ्या गोष्टीचा भाग आहेस' हेही आलं आणि 'तुझ्याशिवाय ती मोठी गोष्ट नाही' हेही आलं.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. अमेरिकेतल्या 13 राज्यांनी 1781 पासून जी व्यवस्था चालवली ती राज्यसंघाची. त्यांच्या सामाईक काँग्रेसला नागरिकांवर कर बसवता येत नव्हता. पैसे हवे असले तर राज्यांकडे मागणी करायची आणि वाट पाहायची. काही राज्यं देत, काही टाळत. युद्धाचं कर्ज डोक्यावर आणि तिजोरीत खडखडाट, अशा अवस्थेत 1787 साली फिलाडेल्फियाला बैठक भरली आणि तिथून नवं संविधान बाहेर पडलं. ते 1789 मध्ये अमलात आलं आणि राज्यसंघाचं संघराज्य झालं. ओळखायची खूण सोपी आहे. वरच्या सरकारचा कायदा आणि कर थेट नागरिकापर्यंत पोचतो का, की मध्ये राज्याची परवानगी लागते? थेट पोचत असेल तर संघराज्य. नावावर मात्र जाऊ नये. स्वित्झर्लंड 1848 पासून संघराज्य आहे, पण त्याच्या अधिकृत नावात अजूनही जुनं राज्यसंघाचंच बिरुद आहे.

आता आपल्या पहिल्या अनुच्छेदाकडे. 'राज्यांचा संघ' याचा सरळ समास केला तर 'राज्यसंघ' हातात येतो, म्हणजे नेमकं जे आपण नाही ते. प्रश्न पडणं साहजिक आहे. मसुदा समितीने इंग्रजीत 'फेडरेशन' न लिहिता जाणीवपूर्वक 'युनियन' लिहिलं, आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्याचं कारण दिलं. भारत संघराज्य असणार, पण ते राज्यांनी आपसात करार करून जन्माला घातलेलं नाही, आणि करारच नाही म्हटल्यावर त्यातून बाहेर पडायचा हक्कही कोणत्या राज्याला नाही. ते अभंग आहे म्हणून ते 'युनियन'.

'युनियन'मधला हा एकजीवपणा मराठी 'संघ'मध्ये पुरेसा उतरत नाही, असं माझं मत. संस्कृतात 'संघ' हा 'संहती'चा सख्खा भाऊ, दोघेही सम् + हन् पासूनचे, घट्ट जमून आलेले. पण आजच्या मराठीत दूध संघ, कामगार संघ, क्रिकेटचा संघ अशी त्याची सोयरीक आहे, आणि या सगळ्यांतून माणूस बाहेर पडू शकतो. त्यामुळे अनुच्छेद वाचताना कानाला तो सैल लागतो.

हा अभंगपणा किती खरा आहे ते महाराष्ट्राने सोसून पाहिलंय. 1956 साली राज्य पुनर्रचनेचं विधेयक आलं तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि दिल्लीच्या कारभाराखालची मुंबई असे तीन तुकडे होते. त्यावर मुंबई विधिमंडळाचं मत मागवलं गेलं. पुढे संसदेने ऐनवेळी बेत बदलला आणि सगळ्यांचं मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेल्या बेतावर विधिमंडळाला पुन्हा विचारलंच नाही, म्हणून बाबूलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये ती फेटाळली. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला देणाऱ्या अनुच्छेद 3 प्रमाणे राज्याचं मत मागवायचं असतं, ते मानायचं बंधन नसतं आणि प्रत्येक दुरुस्तीला नव्याने विचारण्याचंही नसतं. सहा-आठ महिन्यांतच, 1 मे 1960 ला, संसदेच्याच दुसऱ्या कायद्याने ते द्विभाषिक मोडून महाराष्ट्र आणि गुजरात झाले. राज्यसंघात असं घडूच शकत नाही. तिथे संघ मोडतो, राज्यं उरतात. आपल्याकडे राज्यांच्या सीमा बदलतात, नावं बदलतात, संघ तेवढा जागेवर राहतो.

आता 'केंद्र'. हा शब्द संविधानाच्या आधीचा आहे. ब्रिटिशांच्या 1919 च्या भारत सरकार कायद्यानंतर कारभाराची 'केंद्रीय' विषय आणि 'प्रांतिक' विषय अशी वाटणी झाली. जुन्या मराठी लिखाणात 'मध्यवर्ती सरकार' दिसतं ते याचंच रूप. 1935 च्या कायद्याने कागदावर संघराज्य आणलं, पण पुरेशी संस्थानं त्यात आली नाहीत, तो भाग अमलात आलाच नाही आणि दिल्लीतलं सरकार जुन्याच चौकटीत चालू राहिलं. शब्दही चालू राहिला. संविधानाने मात्र सत्तेची वाटणी सांगताना 'संघ' आणि 'राज्ये' ही जोडी वापरली. 'फेडरल' हा शब्द त्यात येतो तो 1937 साली सुरू झालेल्या जुन्या फेडरल कोर्टाच्या उल्लेखापुरता.

म्हणून 'केंद्र सरकार' बेकायदा ठरतं का? अजिबात नाही. कायद्यांत नेहमी येणाऱ्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात 'केंद्र शासना'ची व्याख्याच दिलेली आहे आणि शेकडो कायदे तिच्या आधारावर चालतात. तमिळनाडू सरकारने 2021 पासून 'ओंड्रिय अरसु', म्हणजे संघ सरकार, असं म्हणायचा आग्रह धरला. तिथे तो राजकीय निवडीचा भाग आहे आणि तमिळमध्ये तो शब्द खपतोही. मराठीत अडचण वेगळी आहे. नुसतं 'संघ' म्हटलं की आपला वाचक एक तर क्रिकेटकडे वळतो नाहीतर नागपूरकडे. 'संघ सरकारने निर्णय घेतला' असा मथळा दिला तर निम्मे लोक भलतंच वाचतील. म्हणूनच अधिकृत मराठीतल्या 'संघ राज्यक्षेत्रा'ला आपण 'केंद्रशासित प्रदेश' म्हणतो, 'संघ लोकसेवा आयोगा'ला 'केंद्रीय'. लोकांनी शब्द निवडला तो समजण्यासाठी, आणि तो राहणार.

मग खटकतं कुठे? 'केंद्र' म्हटलं की डोळ्यांपुढे वर्तुळ येतं. मधल्या बिंदूतून सगळं निघतं आणि राज्यं परिघावर. या चित्रामुळे वाक्यं अशी होतात: 'केंद्राने राज्यांना पोलिसांचे अधिकार दिले आहेत', 'शेती केंद्राने राज्यांकडे सोपवली आहे'. ही दोन्ही वाक्यं सपशेल चूक. कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा हे सातवी अनुसूची तीन याद्यांत सांगते: संघसूची, राज्यसूची आणि दोघांची समवर्ती सूची. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, शेती हे विषय राज्यसूचीत आहेत, आणि ही अनुसूची कोण्या सरकारने लिहून दिलेली नाही, ती संविधानाचीच आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठराव करून ती बदलता येत नाही. त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. राज्यांना हे अधिकार 'आहेत', कोणी 'दिलेले' नाहीत.

'देणे' हे क्रियापद शोभतं ते एक पायरी खाली. पंचायतींना आणि नगरपालिकांना अधिकार राज्याचं विधिमंडळ देतं. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 विषयांची यादी जोडली, पण त्यातलं काय, किती आणि कधी द्यायचं ते राज्यावर सोडलं. केंद्राने आमचे अधिकार अडवले म्हणणारी राज्यं जिल्हा परिषदांशी कशी वागतात ते पाहायचं असेल तर हे क्रियापद धरून पाहावं.

आणि कधी कधी 'देणे' उलट्या दिशेनेही होतं. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून संसदेला म्हटलं की आमच्या सूचीतल्या या विषयावर तुम्हीच कायदा करा, तर संसद तो करू शकते (अनुच्छेद 252). 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असाच झाला. वन्यप्राणी तेव्हा राज्यांचा विषय होता. तिथे 'राज्यांनी संसदेला अधिकार दिला' हे वाक्य अक्षरशः खरं. चारच वर्षांत, 1976 साली, 42 व्या दुरुस्तीने वन्यप्राणी, वनं, शिक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था हे पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. याला 'दिले' म्हणायचं की 'घेतले', हे ज्याचं त्याने ठरवावं. आणीबाणीचा काळ होता एवढं लक्षात असू द्यावं.

'समवर्ती'बद्दल प्रश्नात विचारलेलं नाही, पण राहवत नाही. जुन्या संस्कृतात 'समवर्ती' हे यमाचं नाव, अमरकोशातही आहे. सगळ्यांशी सारखा वागणारा तो समवर्ती. आपल्या समवर्ती सूचीत मात्र 'सम' नावापुरताच. संसद आणि विधिमंडळ दोघंही कायदा करू शकतात इथवर बरोबरी आहे. दोन कायद्यांत टक्कर झाली की संसदेचा टिकतो आणि राज्याचा तेवढ्यापुरता बाद होतो. राज्याचा टिकवायचा तर राष्ट्रपतींची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यावरही संसद पुढे नवा कायदा करून तो मोडू शकते. 'मोक्का' सगळ्यांना माहीत आहे. तो 1999 चा महाराष्ट्राचा कायदा, राष्ट्रपतींची मंजुरी घेतलेला. त्यातल्या फोन चोरून ऐकण्याच्या तरतुदी उच्च न्यायालयाने रद्द केल्या, कारण दूरध्वनी हा संघसूचीतला विषय. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परत बसवल्या. कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारी रोखण्याचा आहे, दूरध्वनीला त्याचा झालेला स्पर्श ओझरता आहे, असं म्हणून. सूचीतली खाती कागदावर जितकी वेगळी दिसतात तितकी व्यवहारात राहत नाहीत, म्हणून न्यायालयं आधी कायद्याचा गाभा कुठे आहे ते पाहतात.

शब्दांची आवड असणाऱ्यांनी राज्यसूचीतली आठवी नोंद आवर्जून पाहावी. इंग्रजीत शब्द आहेत 'इंटॉक्सिकेटिंग लिकर्स', म्हणजे नशा आणणारी मद्यं. त्यांचं उत्पादन, वाहतूक, खरेदी-विक्री राज्याच्या हाती. मग कारखान्यात लागणारं औद्योगिक अल्कोहोल यात येतं का? ते पिण्याजोगं नसतं, पण पिणारे पितात आणि मरतात. 1990 मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितलं की नोंदीतला शब्द पिण्याच्या मद्यापुरताच आहे, म्हणजे औद्योगिक अल्कोहोल संघाकडे. 2024 च्या ऑक्टोबरात नऊ न्यायाधीशांनी 8 विरुद्ध 1 अशा बहुमताने तो निकाल फिरवला. नशेसाठी ज्याचा गैरवापर होऊ शकतो असं द्रवही त्या शब्दात बसतं, म्हणजे विषय राज्याचा. नोंदीतलं एक अक्षर बदललं नव्हतं. एका विशेषणाचा अर्थ रुंदावला आणि नियमनाचा अधिकार दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांत गेला.

राहता राहिलं लिहिताना काय वापरायचं ते. देशाच्या रचनेबद्दल लिहिताना 'संघराज्य', जोडूनच. 'राज्यसंघ' फक्त जुन्या अमेरिकेसारख्या करारबद्ध व्यवस्थेसाठी राखून ठेवावा. विशेषणाला 'संघराज्यीय' म्हणावं. 'संघीय' आटोपशीर आहे, पण त्याचा अर्थ कधी 'फेडरल' तर कधी नुसता 'युनियनचा' होतो, त्यामुळे मी तो टाळतो. कायदे करण्याच्या अधिकाराची वाटणी सांगत असाल तर 'संघ आणि राज्ये', 'संघसूची'. दिल्लीतल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाची बातमी असेल तर खुशाल 'केंद्र सरकार'. फक्त पुढे 'राज्यांना अधिकार दिले' लिहायला हात गेला तर आधी सातवी अनुसूची उघडून पाहावी.