आर्क्टिकमधील नदी इतके महिने गोठलेली असूनही तिच्या खोऱ्यात प्राणी जगतात कसे?

आपल्या प्रश्नाचे उत्तर अलास्कातील नोआटाक नदीच्या आधारे देतो, कारण उगमापासून मुखापर्यंत ती पूर्णपणे आर्क्टिक वर्तुळाच्या आत वाहते आणि तिच्यावर एकही धरण नाही. ब्रूक्स पर्वतरांगेतील इगिकपाक शिखराजवळ उगम पावलेली ही नदी उत्तरेकडील डी लाँग आणि दक्षिणेकडील बेअर्ड पर्वतांच्या मधून सुमारे ६८० किलोमीटर वाहत जाऊन कॉट्झेब्यूजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठी इनुपियात या अलास्कातील मूळ रहिवाशांचे नोआटाक हे एकच गाव आहे.

या खोऱ्यातील सजीवसृष्टीचे मूळ कायम गोठलेल्या जमिनीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये आहे. येथे पाऊस आणि बर्फ बेताचेच पडते. पण उन्हाळ्यात जमिनीचा केवळ वरचा थर वितळत असल्याने पाणी खोल मुरत नाही, ते असंख्य तळ्यांत आणि दलदलीत साचून राहते. त्या पाण्यात डास आणि इतर कीटक अमाप वाढतात, आणि त्यांच्यावर पिल्ले पोसण्यासाठी दूरदूरचे पक्षी येतात. जेमतेम २५ ग्रॅम वजनाचा व्हीटिअर हा पक्षी अलास्कातून आशिया ओलांडून हिवाळ्यासाठी पूर्व आफ्रिकेत जातो, हे मला आजही थक्क करणारे वाटते.

मासे तगतात ते झऱ्यांमुळे. भूजल जेथे नदीपात्रात वर येते, तेथील पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. अशा जागी चम सामन वाळू-गोट्यांत अंडी घालतात आणि नंतर मरतात. समुद्रात वाढलेले त्यांचे शरीर मग ग्रिझ्ली अस्वलांच्या आणि गरुडांच्या पोटात जाते.

कॅरिबूंचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडियरांचा मार्ग मात्र वेगळा आहे. ते या खोऱ्यात थांबून राहण्याऐवजी वसंतात विणीसाठी उत्तरेकडे आणि शरदात दक्षिणेकडे जाताना नदी पोहून ओलांडतात, आणि हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून दगडफूल खातात. येथून जाणाऱ्या पश्चिम आर्क्टिक कळपात २००३ मध्ये सुमारे ४,९०,००० कॅरिबू होते. २०२३ मध्ये ते सुमारे १,५२,००० उरले. त्यांचे शरदातील आगमनही अलीकडे लांबते आहे, आणि नोआटाक गावातील कुटुंबांचे हिवाळ्याचे मांस याच कळपातून येत असल्याने ही घट त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचली आहे.

पर्माफ्रॉस्ट वितळू लागल्याने ब्रूक्स रांगेतील अनेक प्रवाह लोहामुळे नारिंगी झाले आहेत, आणि अशा पाण्यात माशांची पिल्ले व त्यांचे खाद्य असलेले कीटक तग धरणे कठीण होते.