वाचक विचारतात : जामीन झाला, तरी पोरगं आतच

प्रश्न : आमच्या गावच्या 15 वर्षांच्या पोराला विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्यावरून पकडलं. बाल न्याय मंडळानं जामीन दिला, पण बाप शेतमजूर, सातबारा नाही, जामीनदार मिळेना. पोरगं निरीक्षणगृहातच आहे. ही पद्धत सुधारायला ग्रामपंचायतीनं काय करावं?
– एक सरपंच, झरी जामणी तालुका

उत्तर : निरीक्षणगृहाची रंगरंगोटी नंतर, आधी कागद हलवा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 12 नुसार पोराला जामीनदाराविनाही सोडता येतं. सातबारा, ऐपतीचा दाखला ही मोठ्यांच्या कोर्टातली सवय इथं शिरली आहे. आदेशानंतर 7 दिवसांत अट पुरी झाली नाही, तर अट बदलण्यासाठी पोराला पुन्हा मंडळापुढं आणायचं असतं. कोणी आठवण दिली नाही, तर हे राहून जातं. म्हणून अर्ज द्या : आदेशाची तारीख, बापाच्या जॉब कार्डाची प्रत आणि ‘परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडावं’ ही मागणी (परिवीक्षा अधिकारी म्हणजे पोराची चौकशी करून त्याच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी). वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो.

दुसरा अडतो तो सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे पोराच्या घरची, शाळेची परिस्थिती सांगणारा कागद. परिवीक्षा अधिकाऱ्यानं तो 2 आठवड्यांत मंडळाला द्यायचा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तो गावात आला आणि घराला कुलूप दिसलं, की फेरी वाया. ग्राम बाल संरक्षण समितीनं त्याला आधी फोन करून दिवस ठरवावा. त्या दिवशी आई-बाप आणि मुख्याध्यापक हजर ठेवावेत. ‘मुलगा सद्वर्तनी आहे’ असा एका ओळीचा दाखला काही कामाचा नाही. पोरगं कोणाच्या घरी राहील, शाळेत परत कधी जाईल, हे लिहा. केबल जाळून तांबं काढणारा आणि ते विकत घेणारा बहुधा मोठा माणूस असतो. पोरगं सुटल्यावर त्याच्याच नादी लागेल असं मंडळाला वाटलं, तर त्या कारणावर जामीन नाकारता येतो. तेव्हा त्या माणसापासून पोराला दूर कसं ठेवणार, हेही मांडा.

आणि हो, ग्रामसभेत किंवा गावाच्या व्हॉट्सअॅपवर पोराचं नाव, फोटो नको. कलम 74 नुसार तो गुन्हा आहे.

प्रश्न : शाळेत जन्मतारीख 1 जून लावलीय, खरी वेगळी आहे. वय कशावरून धरतात?

उत्तर : कलम 94 मध्ये आधार कार्डाचं नावच नाही. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून 15 दिवसांत. म्हणजे गुरुजींनी लावलेली तारीखच आधी बघतात. ती चुकीची असेल, तर जन्मनोंदीचा उतारा घेऊन पहिल्याच तारखेला हरकत घ्या.

प्रश्न : पुढं पोलीस भरतीला अडचण येईल का?

उत्तर : कलम 24 नुसार अपात्रता लागत नाही. अपवाद एकच : 16 वर्षांवरच्या मुलावर बाल न्यायालयानं प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलं तर.