रॅम सदोष की बोर्ड? नोटीस पाठवण्याआधी

प्रश्न : मी एकटाच घरून व्हिडिओ एडिटिंग करून पोट भरतो. सुटे भाग घेऊन डेस्कटॉप स्वतः जोडला. प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम आणि महिन्याभराने तशाच आणखी दोन. तेव्हापासून रेंडर (तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) लावला की निळी स्क्रीन येऊन संगणक बंद पडतो. रॅमचा विक्रेता म्हणतो मदरबोर्ड तपासा, बोर्डचा म्हणतो रॅम बदला. शिवाय ‘तुम्ही स्वतः जोडलात, वॉरंटी गेली’ हेही ऐकवले. दोघांना पाठवायच्या नोटिशीचा मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर : मसुदा वाचला. आहे तसा पाठवू नका. ‘दोघांनी संगनमताने फसवले’ हे वाक्य आधी खोडा. ते सिद्ध करणे तुमच्या गळ्यात पडेल आणि त्याला चिठोऱ्याचाही आधार नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ‘संगणक बिघडला’ एवढ्यावर ग्राहक आयोगात भागत नाही. कोणी विकलेली कोणती वस्तू सदोष, हे तुम्हालाच दाखवावे लागते.

म्हणून आधी संगणकाचीच उलटतपासणी घेऊ. चारही रॅम एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा वेग वाढवणारे तयार सेटिंग) लावून ६००० एमटी/से. (सेकंदाला दशलक्ष डेटा-फेऱ्या) वेगावर चालवता, असे तुम्हीच मसुद्यात लिहिले आहे. या मालिकेसाठी प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीची अधिकृत मर्यादा दोन रॅमना ५२०० आणि चार रॅमना ३६०० आहे. त्यापुढचे सगळे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापलीकडे पळवणे. खोक्यावरचा ६००० हा आकडा त्या खोक्यातल्या जोडीपुरता असतो. दोन वेगळ्या जोड्या एकत्र चालतीलच, अशी हमी रॅमचे निर्माते सहसा देत नाहीत. समोरचा वकील पहिला घाव इथेच घालेल.

तेव्हा बायोस (बोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, एक्स्पो बंद करा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एका वेळी एकच रॅम, बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये. प्रत्येक वेळी चाचणीच्या चारही फेऱ्या पुऱ्या होऊ द्या. एखादी नापास झाली तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चूक रॅमच्या मागोमाग गेली तर रॅम सदोष. त्या स्लॉटमध्ये चांगली रॅमही नापास होत असेल तर संशय बोर्डवर, किंवा प्रोसेसरवर, कारण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर त्याच्या पोटात असतो. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची पिन वाकलेली निघाली, तर मात्र ‘स्वतः जोडलात’ हा मुद्दा त्यांच्या बाजूने जड होईल. एरवी त्यात फारसा दम नाही. सुटे भाग विकतात ते जोडण्यासाठीच.

प्रत्येक चाचणीचा व्हिडिओ एकसलग घ्या : आधी रॅमवरचा अनुक्रमांक, मग ती लावताना, मग निकालाची स्क्रीन. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. तक्रारीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र जोडू.

चारही एकेकट्या पास झाल्या, मग एक्स्पो लावून दोन्ही जोड्या वेगवेगळ्या तपासल्यावर ६००० वर पास झाल्या आणि चौघी एकत्र आल्यावरच गडबड होत असेल, तर दावा विसरा. वेग उतरवा किंवा दोनच ठेवा. एखादी जोडी फक्त ६००० वर नापास होत असेल तर प्रकरण काठावरचे. ती रॅम बोर्डच्या सुसंगत रॅमच्या यादीत असेल तरच मी ते हातात घेईन.

मूळ वेगालाच, म्हणजे एक्स्पो बंद असताना, दोष दिसला तर बाजू भक्कम. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचा वापर व्यवसायासाठी आहे, असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कलम २(७) च्या स्पष्टीकरणात बसते, म्हणून ‘एकटाच काम करतो’ हे तक्रारीत ठळकपणे यायला हवे. तक्रार करायची मुदत दोन वर्षे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आयोगाला वाटले तर तो रॅम सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. त्या तपासणीचे पैसे आधी तुम्हाला भरावे लागतात. म्हणून वॉरंटीत बदलायला देतानासुद्धा अनुक्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय रॅम हातातून सोडू नका.

बुडालेल्या कामाची भरपाई मागायची तर रद्द झालेल्या कामांचे ईमेल आणि आधीची बिले काढून ठेवा. नुसत्या ‘मनस्तापा’वर हाती थोडेच लागते.

चाचणीचे निकाल आधी पाठवा. नोटीस एका पानाची, एकाच विक्रेत्याला आणि १५ दिवसांच्या मुदतीची काढू.