फिरायला गेलो आणि भांडून आलो

मी जोडप्यांची समुपदेशक. जानेवारी सरत आला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "एवढा खर्च करून, रजा टाकून फिरायला गेलो आणि भांडून परत आलो. आमचं जुळतच नाही का?" हा प्रश्न घेऊन आलेल्या एका जोडप्याबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघंही चाळिशीतले, नाशिकच्या इंदिरानगरला राहणारे. हिवाळ्यात लांबच्या मित्रमैत्रिणींकडे जायचं हा त्यांचा आवडता नेम. नाशिकरोडहून गाडीने दिल्ली, तिथे तिच्या मैत्रिणीकडे मुक्काम, मग चंदीगडला त्याच्या कॉलेजच्या मित्राकडे. त्या वर्षी मित्राने दोन्ही कुटुंबांसाठी मनालीचा बेत आखला. मनालीजवळच्या सोलांगला स्कीइंग करायचं, म्हणजे पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, आणि त्याच दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू गावालाही जाऊन यायचं. यजमानाने इतक्या प्रेमाने ठरवलेल्या बेताला पाहुणा नाही म्हणत नाही, तसे हेही म्हणाले नाहीत.

परत आल्यावर पंधरवडा उलटला तरी घरात अबोला होता. ती म्हणाली, "मला जमलं आणि त्याला जमलं नाही, हे त्याला सहन होत नाहीये." तो खाली बघत बसला होता.

मी त्याला एवढंच विचारलं, की उतारावर नेमकं काय झालं? मग तो बोलायला लागला. स्कीचा बूट इतका कडक की घोटा वाकतच नाही. नडगी बुटावर पुढे दाबून उभं राहायचं, स्कींची पुढची टोकं आत आणि टाचा बाहेर ठेवायच्या, म्हणजे वेग आवरतो, असं शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. पण स्की हातभर सरकल्या आणि याचं अंग आपसूक मागे गेलं. मागे झुकलं की स्कीवरचा ताबा जातो. तो आडवा झाला, उठला, बूट काढले आणि "गुडघा दुखतोय" म्हणून चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मित्र ओरडला, "अरे, वहिनी बघ कशा सुसाट चालल्यात, आणि तू?" सगळे हसले. "तीही हसली," तो म्हणाला. त्याचा आवाज तिथे बदलला.

गुडघा दुखत नव्हताच. काही वर्षांपूर्वी नांदुरीच्या घाटात पावसात त्याची बाइक घसरली होती. फार लागलं नव्हतं म्हणून घरी विषय तिथेच संपला. पण पायाखालचं काही सरकलं की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं तू जळतोयस," ती म्हणाली.

इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. एक त्याची भीती आणि दुसरं तिचं हसणं. अबोला दुसऱ्या गोष्टीमुळे होता. चारचौघांत आपलं माणूस आपल्या बाजूने नाही असं वाटलं, की ते बर्फात न जमण्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. म्हणून आधी त्यावर बोललो. तिने सबबी न देता माफी मागितली आणि त्यानेही खरं कारण लपवल्याचं कबूल केलं.

'जोडप्याने एकत्र काहीतरी नवं करावं' हा सल्ला सगळीकडे दिला जातो, आणि त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये काही जोडप्यांचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधून, मध्ये उशी धरून, त्यांना गाद्यांवरून रांगत अडथळा पार करायला लावला होता. साधं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा या जोडप्यांना आपलं नातं जास्त छान वाटलं. पण मला त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते: तिथे दोघं एकाच बाजूला होते. सोलांगच्या उतारावर एक जण खेळत होता आणि दुसऱ्याला प्रेक्षकांसमोर उभं केलं होतं.

भीतीचं काम नंतर आणि सावकाश झालं. ढकलून भीती जात नाही, आणि टाळत राहिलं तर ती टिकते. पायरी लहान हवी आणि ती घाबरणाऱ्याने स्वतः निवडायला हवी. त्याने रविवारी आसपासच्या टेकड्यांवर सुट्या मातीची, घसाऱ्याची वाट उतरायला सुरुवात केली. ती सोबत असायची, पण सूचना द्यायची नाही, हात मागितला तरच द्यायचा. धडधड कमी होईपर्यंत तिथेच थांबायचं, मग पुढचं पाऊल.

पुढच्या प्रवासाचं मात्र मी दोघांना अगदी व्यवहारी बोलायला लावलं. सोलांग सुमारे अडीच हजार मीटरवर आहे, नाशिक सहाशेच्या आसपास. एवढ्या उंचीवर काहींचं डोकं दुखतं, झोप मोडते, माणूस उगाच चिडतो, म्हणून वर पोचल्यावर पहिला दिवस मोकळा ठेवायचा. मित्राच्या घरी दिवसभर माणसांत राहून दोघांना निवांत बोलताच येत नाही, तर संध्याकाळी दोघांनीच चक्कर मारायची. आणि एकाने 'आज नको' म्हटलं तर दुसऱ्याने सगळ्यांसमोर आग्रह करायचा नाही, कारण काय ते खोलीत विचारायचं.

पुढच्या हिवाळ्यात ते परत निघाले. निघण्याआधी त्याने स्वतः चंदीगडला फोन लावला. "ही शिकणार आहे. मी सपाटीवर करून बघेन, वर जाणार नाही, आणि त्यावरून चिडवायचं नाही," असं सांगितलं. मित्र म्हणाला, "बरं झालं बोललास. आमच्या घरातही हिला नकोच असतं, पण तुम्ही येता म्हणून ती गप्प बसते."