स्टीअरिंग, टायर आणि संगणकातली गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग-गाडी स्पर्धेसाठी गाडी बनवतोय. सर म्हणतात, आधी बायसिकल मॉडेल हाताने सोडवा. कॉलेजात सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर असताना चार चाकांची गाडी दोन चाकांवर कशाला आणायची?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : सरांचं ऐका. पुढची दोन चाकं मिळून एक आणि मागची दोन मिळून एक धरणारं हे मॉडेल रीकर्ट आणि शुंक या जर्मन संशोधकांनी 1940 मध्ये मांडलं. गाडीचा स्वभाव ओळखायला आजही सुरुवात त्यापासूनच होते.

एक हॅचबॅक घ्या. वजन 1000 किलो, त्यातलं 600 पुढच्या ॲक्सलवर, 400 मागच्या. दोन ॲक्सलमधलं अंतर 2.4 मीटर. 60 मीटर त्रिज्येच्या वळणावर अगदी हळू गेलात तर पुढची चाकं 2.29 अंश वळवावी लागतात. ही झाली निव्वळ भूमिती. आता ताशी 55 किलोमीटरने जा. वळणाच्या आतल्या बाजूचं त्वरण 0.4 जी (गुरुत्वीय त्वरणाच्या 0.4 पट) होतं आणि त्यासाठीचं बळ टायरलाच द्यावं लागतं. ते देताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो तिच्यापेक्षा थोडा तिरका चालतो. हा स्लिप अँगल. प्रत्येक ॲक्सलचे टायर मिळून एका अंशाला 1600 न्यूटन देतात असं धरा. पुढे 1.47 अंश लागतात, मागे 0.98. फरक 0.49 अंशांचा, तेवढं स्टीअरिंग जास्त द्यावं लागतं. यालाच गाडी अंडरस्टीअर आहे असं म्हणतात.

आता हेच वजन उलटं करा, 400 पुढे आणि 600 मागे. टायर तेच ठेवले तर ताशी साधारण 120 किलोमीटरच्या पुढे ही गाडी सरळ रस्त्यावरही अस्थिर होते. वाऱ्याचा एक झोत लागला तरी वळत सुटते. हे सगळं वहीच्या एका पानात बसतं. सॉफ्टवेअरच्या शेकडो आकड्यांतून हेच कारण हुडकायला गेलात तर आठवडे जातील.

प्रश्न : मॉडेलमध्ये आमची गाडी अंडरस्टीअर येते, मैदानावर मात्र मागून सुटते. चूक कुठे शोधायची?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी टायरमध्ये. वरच्या गणितातलं ‘एका अंशाला इतके न्यूटन’ हे नातं साधारण 0.3 ते 0.4 जीपर्यंतच चालतं. पुढे आलेख वाकतो आणि टायर थकतो, म्हणजे कोन वाढला तरी बळ त्या प्रमाणात वाढत नाही. तो वाकलेला आलेख पकडण्यासाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेयका आणि व्होल्वोतले त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये साइन आणि आर्कटॅन वापरून एक सूत्र मांडलं. तेच आज मॅजिक फॉर्म्युला म्हणून सगळीकडे वापरतात. सूत्र चांगलंच आहे, पण त्यातले गुणांक चाचणीयंत्रावरचे असतात. यंत्राचा पट्टा पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो, त्यामुळे तिथली पकड धुळकट मैदानावरच्या पकडीपेक्षा बरीच जास्त येते. ती कमी करून मॉडेल पुन्हा चालवा.

मग मोजमाप. मैदानावर चुन्याने 15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, स्टीअरिंगवर अंशांची पट्टी चिकटवा, फोन चेसिसला घट्ट बांधा. ताशी 30 चा वेग असेल तर फोनच्या जायरोने (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरने) सेकंदाला साधारण 32 अंश दाखवायला हवेत. वेग हळूहळू वाढवत न्या आणि दर टप्प्याला स्टीअरिंगचा कोन लिहा. वेग वाढताना स्टीअरिंग सोडत यावं लागलं, तर ओव्हरस्टीअर, म्हणजे अंडरस्टीअरच्या उलटं, पक्कं.

एक जागा हमखास दुर्लक्षित राहते. गाडी उभी असताना मागचं चाक दोरीने आडवं ओढा आणि टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत-बाहेर वळलेला कोन, किती बदलतो ते डायल गेजने पाहा. वळणावर बाहेरच्या मागच्या चाकाला जे बळ लागतं त्याने ते चाक बाहेर उघडत असेल, तर मागचा भाग सुटणारच. तुमच्या मॉडेलमधला चाक धरणारा ब्रॅकेट बहुधा अजिबात लवत नसेल, खरा लवतो.

प्रश्न : कॅरिअरवर सामान लादल्यावर गाडी उलटेल का, हे संगणकावर आधी कळतं का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : कळतं, पण बायसिकल मॉडेलमध्ये नाही. त्यात गाडीला उंचीच नसते, त्यामुळे ती कधी उलटतच नाही. पहिला अंदाज साधा आहे : डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. 1.5 मीटर अंतर आणि 0.65 मीटर उंची असेल तर 1.15 जी, म्हणजे वळणावर एवढ्या त्वरणाला गाडी उलटू लागते. टपावरच्या ओझ्याने उंची 0.75 झाली की बरोबर 1 जी. सस्पेन्शन झुकल्याने खरी मर्यादा याहून खाली असते आणि कोरड्या डांबरावर टायर 0.8 ते 0.9 जी देऊ शकतो. म्हणजे हाताशी फारसं काही उरत नाही.

त्यात झटक्याने डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळवलं, तर पहिल्या झुकावाचा झोका दुसऱ्या वळणात मिळतो. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाच्या अशाच चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली. पुढे त्या गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) बसवावं लागलं. हे पाहायला चारही चाकं, स्प्रिंग आणि डॅम्पर असलेलं मॉडेल लागतं.

प्रश्न : दोनच नवे टायर घेतलेत. पुढे बसवू की मागे?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पावसात पुढची पकड आधी गेली तर गाडी वळणाच्या बाहेर सरकते आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडला की बऱ्याचदा सावरते. मागची आधी गेली तर ती गर्रकन फिरते. कुटुंब आणि सामान घेऊन निघताना मागच्या टायरची हवा ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवरच्या ‘पूर्ण भार’ आकड्याप्रमाणे भरा.