‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग फिल्म पुरी करते’

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत एक ठरावीक गट दिसू लागतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, नुकताच होऊन गेलेला असतो. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात भरतो, म्हणजे आता माझ्याकडे येणारी बरीच मुलं त्याच्यासोबतच वाढलेली. नोव्हेंबरात गळ्यात डेलिगेट कार्ड अडकवून पणजीत दिवसाला चार-चार सिनेमे बघायचे, रात्रीच्या शेवटच्या बसने घरी जायचं, आणि सगळं संपल्यावर स्वतःचं अर्धवट काम उघडून बसायचं. मग पोटात गोळा येतो. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: “मला याच क्षेत्रात काहीतरी करायचंय, पण माझा माझ्यावरच विश्वास नाही. घरचे म्हणतात नोकरी बघ. मी काय करू, आणि किती दिवस?”

सानिका अशीच आली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी आहे.) वय चोवीस, डिचोली तालुक्यातली, बी.कॉम. झालेली. एडिटिंग शिकली ती गावातल्या काल्याच्या नाटकांचं शूटिंग करता करता. आपल्याकडे काल्याला, जत्रेला गावचीच माणसं मराठी नाटक बसवतात. त्याचं रेकॉर्डिंग करायचं, दोन कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवायचं आणि पेन ड्राइव्हवर घालून घरोघर द्यायचं, इथून सुरुवात. पुढे लग्नांची कामं मिळू लागली. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या एडिटिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एकदा प्रवेश परीक्षा दिली, निवड झाली नाही. पुढच्या वर्षी नीट तयारी करून देईन म्हणाली. पुढच्या वर्षी अर्जच भरला नाही.

झोप उशिरा लागत होती, पण भूक, गप्पाटप्पा, मैत्रिणींकडे जाणं ठीक होतं. हे मी सुरुवातीलाच विचारून घेते. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक कुठूनही लावता येतो. सानिकाचं तसं नव्हतं.

दुसऱ्या भेटीला तिला लॅपटॉप आणायला सांगितला. तिची स्वतःची फिल्म घुमट या मातीच्या तालवाद्यावर होती. चतुर्थीच्या आरत्यांना घुमट वाजतं, शामेळ हे तालवाद्य आणि कासाळं म्हणजे झांजा यांची साथ असते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पण त्याचं मातीचं भांडं घडतं कसं, तोंडावर पूर्वी घोरपडीचं चामडं ताणायचे ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कसं अडचणीत आलं, आता बकऱ्याच्या चामड्याने आवाजात काय फरक पडला, हे तिने एका कुंभाराकडून आणि एका जुन्या वादकाकडून बोलतं करून घेतलं होतं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, त्यावरून तिला विषय सुचला होता.

पहिली दोन मिनिटं बघून मी खरोखर चकित झाले. चाकावर माती वर येते, कुंभाराचा अंगठा काठावरून फिरतो, आणि तो मान वर करून काहीतरी बोलणार तेवढ्यात कट. बोलणं आपल्याला पुढच्या दृश्यावर ऐकू येतं. रंग नीट केलेले, पार्श्वभूमीचा पंख्याचा आवाज काढून टाकलेला. मग मी टाइमलाइन पुढे सरकवायला सांगितली. तिसऱ्या मिनिटापासून पुढे सगळं कच्चं पडलेलं. मुलाखती सलग टाकलेल्या, मध्ये काळा पडदा, आणि शेवटी काहीच नाही.

“शेवट काय आहे?”

“ते अजून ठरलं नाही मॅडम. आधी सुरुवात मनासारखी होऊ दे.”

“सुरुवात कधीपासून करतेस?”

“मागच्या चतुर्थीपासून.”

खरं निदान त्या टाइमलाइनवरच होतं. रोज रात्री ती फाइल उघडायची, पहिली दोन मिनिटं बघायची, एखादा रंग इकडचा तिकडे करायची आणि बंद करायची. पुढे गेलं तर शेवट येणार, शेवट आला तर कुणाला तरी दाखवावं लागणार. फाइल बंद केली की जिवाला बरं वाटायचं, आणि हे बरं वाटणंच घातक. टाळल्याने भीती तात्पुरती उतरते, म्हणून मन दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळायला शिकतं. बाहेरून ही परिपूर्णतेची आवड दिसते. तिलाही तसंच वाटत होतं.

अशा मुलांना ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असं सांगणाऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे. शाळेच्या कार्यक्रमांत, प्रेरणादायी व्याख्यानांत हेच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली, ‘हे मला जमेल’ ही भावना कुठून येते याची चार मुळं मांडली: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात जोर पहिल्याचा. धीर देणाऱ्या शब्दांवर आपण सगळी भिस्त ठेवतो, पण हाती काही पुरं झालेलं नसेल तर ते शब्द दारातून बाहेर पडेपर्यंत टिकतात. सानिका आत्मविश्वास आल्यावर फिल्म पुरी करणार होती. तो यायचा तर फिल्म पुरी झाल्यावरच येणार होता.

तेव्हा तिला काम दिलं ते असं. तीन आठवड्यांत अकराच्या अकरा मिनिटांचा रफ कट, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची कच्ची जोडणी. रंग नाही, आवाजाची सफाई नाही, पहिल्या दोन मिनिटांना हात लावायचा नाही. मग तो एकाच माणसाला दाखवायचा. दाखवण्याआधी वहीत लिहायचं की तो माणूस काय म्हणेल असं तुला वाटतं. दाखवताना ‘कशी वाटली?’ असं विचारायचं नाही, कारण त्यावर ‘छान आहे गो’ याखेरीज उत्तर येत नाही. विचारायचं, ‘कंटाळा कुठे आला? कुठे कळलं नाही?’ आणि नंतर तो खरंच काय म्हणाला ते शेजारी लिहायचं.

तिने निवडला तो चुलतकाका, गावच्या आरती मंडळात घुमट वाजवणारा. वहीत अंदाज लिहिला होता: ‘काका गप्प बसणार. मनात म्हणणार, एवढे दिवस हीच थेरं चालली होती?’ शेजारच्या रकान्यात काकांचं खरं वाक्य होतं: ‘इथे हात थांबलेला दिसतो आणि आवाज चालूच आहे.’

एका ठिकाणी तिने दुसऱ्या टेकचा आवाज वाजवणाऱ्याच्या दृश्याखाली टाकला होता. वादकाच्या नजरेतून तो सुटला नाही. टीका होती, पण अर्ध्या तासात दुरुस्त होणारी. सानिका मला ते सांगताना हसत होती. लायकीवर निकाल लागणार म्हणून ती धास्तावली होती आणि हातात आला एक सिंकचा प्रॉब्लेम.

बँडुरांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण गोव्यात आपण तिथे हमखास घसरतो. मूल कलेकडे जातो म्हणालं की कुणीतरी मंगेशीच्या मंगेशकरांचं नाव घेतं, कुणी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं. एवढ्या उंच उदाहरणाने उमेद येत नाही, छाती दडपते. शिवाय आपण त्यातलं सोयीचं तेवढंच सांगतो. मारिओंनी पूर्णवेळ व्यंगचित्रांकडे वळण्याआधी चार वर्षं जाहिरात स्टुडिओत काम केलं होतं, हे व्याख्यानांत येत नाही. सानिकाला मी म्हापशाच्या एका मुलीशी बोलायला सांगितलं. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, लग्नांच्या फिल्म कापते आणि वर्षातून काही महिने मुंबईच्या कामांवर असिस्टंट एडिटर म्हणून जाते. तिच्याकडून सानिकाला ज्या गोष्टी कळल्या त्या माझ्याकडून कधीच कळल्या नसत्या. निम्मे पैसे आधी घ्यायचे. बदल दोनदा फुकट, तिसऱ्यांदा पैसे, आणि हे व्हॉट्सॲपवर लेखी ठेवायचं. फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. नवरीच्या मामाला अजिबात गाळायचं नाही.

आता वडील. ते यायला तयार नव्हते, शेवटी आले. सानिकाने त्यांचं चित्र ‘त्यांना कलेतलं काही कळत नाही’ असं रंगवलं होतं. समोर बसल्यावर पहिलंच वाक्य: “मॅडम, मी स्वतः काल्याच्या नाटकात वीस वर्षं कामं केलीत. बायकी पार्टसुद्धा केलेत. पण ती हौस. हौशीवर घर चालत नाही.” मग थोडं थांबून कोकणीत, “बरें आसा, पूण पगार खंय आसा?”

हे गृहस्थ खाणीपासून धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचे. ट्रक स्वतःचा, कर्ज बँकेचं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. हप्ते मात्र बंद झाले नाहीत. ज्या माणसाने अंगणात उभा ट्रक गंजताना पाहिला, तो मुलीला ‘एलडीसीची (सरकारी कारकुनाच्या नोकरीची) जाहिरात आली, फॉर्म भर’ म्हणणारच. त्याला कलेचा शत्रू ठरवणं हा अन्याय आहे. त्याची भीती अनुभवातून आलेली होती आणि सानिकाकडे तिला उत्तर नव्हतं, कारण तिने आपल्या कमाईचा हिशेब कधी मांडलाच नव्हता. बी.कॉम. झालेली मुलगी!

तो तिने मांडला. वर्षभराची लग्नांची कामं, बुडालेले पैसे, डिस्क आणि लेन्सच्या भाड्याचा खर्च. आकडा वडिलांना वाटला होता त्याहून बरा होता आणि तिला वाटला होता त्याहून वाईट. त्यावर दोघांनी माझ्यासमोर बसून दीड वर्षाचा करार केला. दर महिन्याला घरात ठरलेली रक्कम द्यायची. एलडीसीची परीक्षा एकदा मनापासून द्यायची, पण त्यासाठी क्लास लावायचा नाही. सकाळचे तीन तास स्वतःच्या कामाचे, तेव्हा तिला पाहुण्यांना चहा करायला किंवा बाजारात जायला कुणी उठवायचं नाही. आणि मुदत संपेपर्यंत जेवताना नोकरीचा विषय काढायचा नाही. ही शेवटची अट आईची. ती तोवर एक शब्द बोलली नव्हती.

चिकाटीचं म्हणाल, तर तीही मोजता यावी लागते. सानिकाने एक्सेलमध्ये नकारांचा तक्ता ठेवला. उत्तरच आलं नाही, काम न बघता नाही म्हणाले, काम बघून नाही म्हणाले, काम बघून कारणासह नाही म्हणाले, असे चार रकाने. पहिल्या दोन रकान्यांवरून स्वतःबद्दल काहीही ठरवायचं नाही, चौथा नीट वाचायचा. वर्षाने रकाने जर पहिल्याकडून चौथ्याकडे सरकत असतील तर काम पुढे जातंय. दोन-तीन वर्षं प्रामाणिकपणे कामं पुरी करून, दाखवून, सुधारूनही काहीच सरकत नसेल, किंवा कामाला बसायचीच इच्छा उरली नसेल, तर वाट बदलायला हरकत नाही. मी तसं सांगितलेलीही मुलं आहेत. त्यांतला एक आज शाळेत चित्रकला शिकवतो आणि मजेत आहे.

एलडीसीच्या यादीत सानिकाचं नाव आलं नाही. वडील आठवडाभर घुश्श्यात होते, पण जेवताना बोलले नाहीत. घुमटाची फिल्म नऊ मिनिटांची झाली. जिच्यावर वर्ष घालवलं त्या सुरुवातीतला जवळजवळ निम्मा भाग तिने स्वतःच उडवला. फिल्म बऱ्याच महोत्सवांतून परत आली, एका छोट्या ठिकाणी दाखवली गेली. इफ्फीत २०२१ पासून पस्तिशीच्या आतल्या नवोदितांची निवड करतात, पहिल्या वर्षी पंच्याहत्तर जण घेतले होते. तिथेही अर्ज केला, निवड झाली नाही. ती फिल्म बघून पर्वरीतल्या एका स्टुडिओने मात्र तिला असिस्टंट एडिटर म्हणून घेतलं. वर्षाचा करार, महिन्याला ठरलेले पैसे, शिवाय लग्नांची कामं घ्यायची मोकळीक.

दीड वर्षाने आढाव्याला दोघं आली. करार आणखी दोन वर्षं वाढवायला वडिलांची हरकत नव्हती, फक्त एक अट होती: सानिकाने पीपीएफचं पंधरा वर्षांचं बचत खातं काढायचं आणि दर महिन्याला त्यात पैसे भरायचे. किती, तेही कागदावर लिहून आणलं होतं.

“पंधरा वर्षं? मला लेन्स घ्यायचीय हो बाबा.”

“लेन्स पण घे. हे पण भर.”

बरीच घासाघीस झाली. सानिकाने आकडा निम्म्यावर आणला आणि सही केली.